फाइल आहे, पण उघडत नाही
(अकोल्यातील युवा शिबिरात केलेलं भाषण)



मघाशी अमरावतीच्या एका मुलीने विचारलं, "शिबिर हक्कांचं आहे, मग तुमचा विषय कॉम्प्युटर कसा?" तिला ही पुस्तिका दाखवतो. निकाहनामा, मेहर, तलाक, पोटगी. एका पानावर मराठी, समोर उर्दू. ती छापली, वाटली, संपली. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि २०१९च्या कायद्याने एका दमात दिलेला तीन तलाक गुन्हा ठरवला. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही. मुली जुनीच प्रत झेरॉक्स करून वाचतात.

दुरुस्ती पान-दीड पानाची. अमरावतीच्या आमच्या कंपोझिटर चाचांकडे गेलो, तर ते म्हणाले, "फाइल तं हाय भाऊ, पण उघडूनच नाई राह्यली." उर्दूचा प्रोग्राम कॉम्प्युटरच्या मागे एक छोटं कुलूप लावल्याशिवाय चालत नसे. कॉम्प्युटर भंगारात गेला, कुलूपही त्याच्याबरोबर गेलं. मराठीची फाइल उघडते, पण जुना फॉन्ट नसल्यामुळे पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

यात चाचांची चूक नाही. नस्तालीक लिपी मशीनवर आणणं सोपं नव्हतं. कातिब हातानेच लिहीत. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती स्वतः लिहून मोनोटाइपच्या खास यंत्रावर नूरी नस्तालीक आणलं. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिपींसाठी कॉम्प्युटरमध्ये बसवायचं जिस्ट कार्ड दिलं. त्या काळात खास यंत्राशिवाय इलाज नव्हता.

खास यंत्रांची गंमत अमेरिकेतही झाली. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली लिस्प ही भाषा काढली. एमआयटीत तिच्यासाठी वेगळा कॉम्प्युटरच बनवला, मग कंपन्या निघाल्या. सिम्बॉलिक्सचं ३६०० हे मशीन फ्रिजएवढं आणि किंमत लाखभर डॉलरच्या आसपास. आवाज इतका, की मशीन दुसऱ्या खोलीत ठेवून लांब केबलने पडदा टेबलावर आणत. मेमरी साफ करायला बसलं की माणूस हात बांधून बसे. तरीही वापरणारे त्याच्यावर जीव टाकत, कारण पूर्ण सिस्टिमचा कोड समोर असे, चालू असतानाच बदलता येई. मला स्वतःला ते मशीन बघायला फार आवडेल.

१९८७च्या सुमारास साध्या, स्वस्त वर्कस्टेशनवर लिस्प पुरेसं चालू लागलं आणि या मशीनचा बाजार बसला. १९९३ साली सिम्बॉलिक्सने दिवाळखोरी जाहीर केली. ज्यांचा कोड त्याच एका मशीनच्या सवयींवर उभा होता, त्यांना तो दुसरीकडे नेताना नव्याने डोकं फोडावं लागलं. पण १९८४ साली कॉमन लिस्पचं वर्णन पुस्तकात छापून आलं होतं. त्याला धरून लिहिलेला कोड फार तोडमोड न करता दुसऱ्या मशीनवर गेला.

आपल्यासाठी तसं काम युनिकोडने केलं. १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीही होती, अरबी लिपीही. त्यात टाइप केलेला 'मेहर' हा शब्द चाचांच्या नव्या कॉम्प्युटरवर 'मेहर'च दिसतो, तुमच्या फोनवरही. फॉन्ट बदलला तर अक्षराचं रूप बदलेल, अक्षर बदलणार नाही. शोधलं तर सापडेल, आणि डोळ्यांनी न दिसणारा माणूस फोनकडून वाचून घेऊ शकेल.

म्हणून पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून टाइप करतो आहोत. मराठी झालं. उर्दूची अडतीस पानं राहिली आहेत. तुमच्यातले बरेचजण मराठी शाळेत शिकलेत, उर्दू वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी नव्या कायद्याचा मराठी मजकूर तपासायचा. उर्दू शाळेतल्यांनी जोडीने बसायचं, एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. फोनमध्ये उर्दू कीबोर्ड नसेल तर आत्ताच सुरू करून घ्या. जेवण झालं की याच हॉलमध्ये बसू. फाइल एकाच्या पेन ड्राइव्हवर ठेवायची नाही, सगळ्यांनी घरी न्यायची.