बाजारात बसणाऱ्या बाया
(घोटी येथे साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही अशा एका गोष्टीवर बोलणार आहोत, की जिचे नाव चारचौघांत घ्यायला लाज वाटते. ती गोष्ट म्हणजे बायकांसाठी मुतारी. हसू नका. मास्तरकीत होतो तोवर आम्हीही हा शब्द कधी तोंडातून काढला नाही.

आपली घोटी भाताच्या गिरण्यांची, मुंबई-आग्रा रस्त्यावरची. आसपासच्या वाड्यांतून बाया डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला येतात. उन्हाळ्यात करवंदे, पावसात रानभाज्या. पहाटे घर सोडायचं, दिवस मावळता परतायचं. मधल्या वेळात पुरुष माणूस कुठेही आडोशाला उभा राहतो. बाईने काय करावे?

अशाच एका गावच्या बाजारात, गावाचे नाव सांगत नाही, आम्ही एका म्हातारीला विचारले, "आजी, ऊन केवढे आहे! तांब्या भरलेला आहे, घोटभर पाणी का पीत नाही?" ती म्हणाली, "गुरुजी, प्याले तर जाऊ कुठं?"

आम्ही गप्प झालो.

पाणी कमी प्याले आणि लघवी तुंबवून धरली, की आत जंतू वाढतात. जळजळ होते, ताप येतो. दुखणे वर मूत्रपिंडापर्यंत चढू शकते. गरोदर बाईला तर त्याचा धोका जास्तच. मग डॉक्टर, औषध, आणि बाजाराची कमाई तिथेच संपली. बघा मंडळी, बाजार एक, बाजाराची पावती सारखी, पण दुखणे बाईच्या वाट्याला. यालाच आम्ही अन्याय म्हणतो.

आमचीही चूक सांगतो. आम्ही ज्या शाळेत होतो, तेथे मुलींसाठी निराळी सोय नव्हती. मोठ्या मुली दर महिन्याला चार दिवस येत नसत. आम्ही हजेरीपटावर गैरहजर मांडत राहिलो. कारण काही विचारले नाही. असो.

आता मुंबईची हकिकत ऐका. तिथे कोरो नावाची संस्था आहे. ती १९८९ साली निघाली, ती तुमच्यासारख्या प्रौढांना अक्षर ओळख करून देण्यासाठीच, बरं का. पुढे २०११ साली तिने आणि इतर संस्थांनी मिळून बायकांच्या मुताऱ्यांची चळवळ उभी केली. कार्यकर्त्यांनी काय केले? आधी मोर्चा नाही काढला. वही घेऊन सार्वजनिक संडास-मुताऱ्या बघत फिरले. दाराला कडी आहे का, दिवा आहे का, पाणी आहे का, पैसे किती घेतात, हे सगळे लिहून काढले. तेव्हा उघड झाले, की लघवीसाठी पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे! मग हजारो सह्या गोळा केल्या आणि महापालिकेच्या अधिकाऱ्यांपुढे मांडले. काम रेंगाळले, पण विषय झाकला गेला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले, की स्त्रियांसाठी स्वच्छ सोय करणे हे महानगरपालिकांचे कर्तव्य आहे.

तुम्ही म्हणाल, ती महानगरपालिका, आपल्याकडे ग्रामपंचायत. खरे आहे. पण पंचायतीत एक गोष्ट आहे, जी मुंबईकराला नाही. ती म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ती भरवण्याची रीत आहे. गावच्या मतदाराला तिथे उभे राहून विचारता येते. शिवाय ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची असते. हा शब्द उच्चारायला तीच जागा बरी. तिथे आम्ही पुरुष नसतो.

एक अडचण मात्र आहे. बाजारात बसणारी बाई बहुधा दुसऱ्या गावची. बाजाराच्या गावात तिला मत नाही. तिचे कोण ऐकणार? आम्ही म्हणतो, तिच्या हातात बाजाराची पावती आहे ना? मग पैसा घेणाऱ्याने सोय द्यावी. दहा-वीस पावत्यांचे आकडे अर्जात लिहा, खाली सह्या करा आणि अर्जाची पोच मागून घ्या. पोच नसली, की अर्ज मिळालाच नाही म्हणतात. आणि त्या गावच्या एखाद्या सुनेला, लेकीला सभेत बोलायला तयार करा.

नुसते बांधकाम मागू नका. भिंती उभ्या राहतात, फोटो निघतो, मग कुलूप लागते. किल्ली कुणाकडे, पाणी कोण भरणार, झाडणाऱ्या बाईचा पगार कुठून निघणार, हे ठरावात लिहून घ्या. आमच्या मते झाडणाऱ्या बाईचा पगार पहिला लिहावा. तो कोणी लिहीत नाही.

पुढच्या बाजारी आपण चौघे-पाचजण जाऊ. बाया किती बसतात, पाणी कुठे आहे, आडोसा कुठे आहे, कडी लागते का, एवढेच लिहायचे. बायांशी बोलायला मायबहिणी पुढे होतील, आम्ही लांब उभे राहू. वही आम्ही आणतो. अक्षर तुमचे असू द्या, वेडेवाकडे झाले तरी चालेल.