अकरा विजय, दोन पराभव

श्रोतेहो, ‘आमदार’ हा शब्द आपल्या कानांवरून रोज जातो. त्यातला ‘आम’ अरबीतून आला, ‘दार’ फारसीतून. आम म्हणजे सर्वसामान्य लोक आणि दार म्हणजे बाळगणारा, सांभाळणारा. ठाणेदाराने ठाणे सांभाळायचे, तर आमदाराने कोणाला, हे वेगळे सांगायला नको. कविता लिहिणाऱ्याला शब्द असे उलटून पाहण्याची खोड असते. या शब्दाला जागलेला माणूस कोण, असा विचार करू लागलो की मला सांगोल्याचे भाई गणपतराव देशमुख आठवतात.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली. त्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे पस्तिशीतले हे वकील सांगोल्यातून निवडून आले. त्यानंतर २०१४ पर्यंत ते एकूण अकरा वेळा आमदार झाले. मतदारसंघ एक, पक्षही एकच. त्यांच्या आयुष्यात कितीतरी पुढाऱ्यांनी पक्ष बदलले, नवे काढले, जुने बुडवले. गणपतरावांनी लाल झेंडा सोडला नाही.

अकरा विजयांचे कौतुक पुष्कळ झाले. मला मात्र त्यांचे दोन पराभव अधिक बोलके वाटतात. पहिला १९७२ चा, ऐन दुष्काळाच्या वर्षातला. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, पोटनिवडणूक झाली आणि लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. दुसरा पराभव १९९५ चा. काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. तेव्हा त्यांची सत्तरी जवळ आली होती. घरी बसायला हे निमित्त पुरेसे होते. पण ते तालुक्यातच राहिले, लोकांत वावरले आणि १९९९ मध्ये पुन्हा निवडून आले. त्यानंतरच्या तीनही निवडणुका जिंकून २०१९ पर्यंत ते आमदार राहिले.

या सुमारे पन्नास वर्षांत मंत्रिपद वाट्याला आले ते थोडा काळ. एकदा १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात, दुसऱ्यांदा १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकी बहुतेक आयुष्य विरोधी बाकांवर गेले. सत्तेबाहेरच्या आमदाराच्या हाती असते तरी काय? तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा. ही हत्यारे चालवायची तर सभागृहात वेळेवर येऊन बसावे लागते, कागद वाचावे लागतात. गणपतरावांनी ते काम नेमाने केले. सांगोला हा माणदेशातला पर्जन्यछायेचा तालुका. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी भागाला द्या, ही मागणी त्यांनी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने पाणी परिषदांतून आणि विधानसभेतून लावून धरली. टेंभू, म्हैसाळ ही नावे आज शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. ती तिथवर पोचायला कित्येक अधिवेशने खर्ची पडली. तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली, त्यामागेही तेच होते. आणि एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख शेवटपर्यंत टिकली.

आता दुसरी बाजूही पाहू. एवढी निष्ठा असूनही त्यांचा पक्ष वाढला नाही. २०१४ मध्ये शेकापचे सबंध राज्यात तीनच आमदार निवडून आले. एका माणसाच्या सचोटीवर तालुका राखता येतो, पक्ष नाही. सचोटीचा वारसाही आपोआप मिळत नाही. २०१९ मध्ये वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते थांबले. त्यांच्या जागी नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि थोडक्या मतांनी पडले. जिंकले तेच शहाजीबापू, यावेळी शिवसेनेकडून. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले. २०२४ मध्ये दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापच्याच तिकिटावर निवडून आले. आजोबांची पुण्याई पहिल्या निवडणुकीला कामी येते. पुढच्या निवडणुकीला स्वतःच्याच कामाचा हिशेब द्यावा लागेल.

श्रोतेहो, गणपतराव जसे टिकले, तसे त्यांचे मतदारही टिकले, हे आपण विसरतो. आपल्या आमदाराने या अधिवेशनात कोणता प्रश्न विचारला, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? लग्नाला आला का, वर्गणी दिली का, एवढेच आपण पाहत राहिलो, तर तोही तेवढेच करील. तेव्हा मत मागायला तो दारी येईल, त्या दिवशी त्याला सभागृहातल्या कामाबद्दल एक तरी प्रश्न जरूर विचारा.