आपल्या मंदिराचा काळा पाषाण
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी भूगर्भशास्त्राचा शिक्षक. तेव्हा मंदिराच्या दगडाविषयीच दोन शब्द बोलतो.

हा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त शिलारस वर आला आणि थरावर थर साचले. आजही दख्खनचा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख या थरांनी व्यापला आहे. काही शिलारस मात्र वर न येता जमिनीच्या पोटातच थिजला. त्याचा गॅब्रो झाला. आपल्यापैकी जे दत्तदर्शनास गिरनारला जाऊन आले, त्यांनी गॅब्रो असलेला डोंगर पाहिला आहे.

गॅब्रो आणि बेसॉल्ट हे सख्खे भाऊ. साखरेचा पाक सावकाश निवू दिला तर मोठ्या खड्यांची खडीसाखर होते; झटपट थिजवला तर बत्तासा. तसेच हे. गॅब्रोचे खडे डोळ्यांना दिसतात, बेसॉल्टचे कण दिसत नाहीत. वायूचे बुडबुडे अडकून कुठे छिद्रे मात्र राहतात. घटक तेच: फिकट फेल्स्पार, काळपट पायरॉक्झीन आणि थोडे मॅग्नेटाइट. शंभर किलो आपल्या दगडात साधारण पन्नास किलो सिलिका, चौदा किलो अ‍ॅल्युमिना, तेवढेच लोहाचे ऑक्साइड आणि दहा किलो चुना असतो. मुलांनी दगडाच्या बारीक चुऱ्यावरून लोहचुंबक फिरवावा. काळे कण चिकटतील.

याच दगडाचा कालांतराने मुरूम होतो आणि पुढे आपली काळी जमीन. फेल्स्पारची चिकणमाती होते, लोह गंजून तांबूस होते. ही माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते; शेतकऱ्याला हे सांगायला नको. हे सारे घडवून आणते ते पाणी.

म्हणून एक कबुली देतो. तरुणपणी आम्हीच उत्साहाने या खांबांना तैलरंग फासला होता. सांध्यांतून शिरलेले पाणी रंगामागे कोंडले. यंदा रंग खरवडताना काही ठिकाणी दगडाच्या खपल्या सुटल्या, त्या आपण पाहिल्याच. भक्तीत खोट नव्हती. ज्ञान कमी पडले.

पाथरवट दगडावर हातोडी मारून पाहतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद वाजला तर टाकतो. त्याची ही परीक्षा शास्त्राला धरूनच आहे. नवा दगड तसाच पारखून घ्यावा, सांधे चुन्यात भरावेत, आणि पाषाण उघडा राहू द्यावा.

देणगीदारांना हात जोडून विनंती: यापुढे रंगाचा डबा द्यावासा वाटला, तर ते पैसे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छताच्या पन्हळी साफ करण्यास द्या. त्या कामावर नावाची पाटी लागणार नाही, पण नातवंडांना हेच खांब दिसतील.