चौथ्या दाव्याची किंमत

१९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात निर्धन आरोपीस सरकारने वकील दिलाच पाहिजे. ज्या अर्जावर हा निर्णय झाला, तो क्लॅरेन्स गिडियन या कैद्याने फ्लोरिडाच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिला होता.

परंतु हा हक्क फौजदारी खटल्यापुरताच राहिला. तुरुंगातील मारहाण किंवा औषधपाण्याची हेळसांड यांविरुद्धचा दावा दिवाणी ठरतो, आणि तेथे कैद्याला बहुधा स्वतःच लढावे लागते. १९९६ च्या कायद्याने त्याची वाट आणखी अरुंद केली. तुरुंगातून केलेले तीन दावे वा अपिले निरर्थक, खोडसाळ किंवा कायदेशीर कारण न दाखवणारी म्हणून फेटाळली गेली, की संघीय न्यायालयात एरवी हप्त्यांनी भरता येणारे शुल्क आगाऊ व एकरकमी भरावे लागते. गंभीर शारीरिक इजेचे संकट तोंडावर असेल तरच सूट मिळते. कायदेशीर कारणाअभावी, पण पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवून फेटाळलेला दावाही या तिनांत धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले.

एकच गाऱ्हाणे वारंवार मांडणारे कैदी असतात, न्यायालयांवर त्यांचा भार पडतो, हे खरेच. पण हा निर्बंध खोडसाळपणाला अडवत नाही, दारिद्र्याला अडवतो. पैसेवाला कैदी दहावा पोकळ दावाही लावू शकतो. निर्धनाची चौथी, खरी तक्रार मात्र दाराबाहेरच राहते.

पोकळ दावा अवश्य फेटाळावा; पण तो वाचून, कैद्याचा खिसा चाचपून नव्हे.