मिठागराचे मीठ आणि शरीरातील निरोप

पेणचे नाव निघाले की बाहेरगावच्या माणसाला गणपतीच्या मूर्ती आठवतात. परंतु या तालुक्याच्या खारेपाटात पिढ्यान्‌पिढ्या आणखी एक गोष्ट पिकत आली. ती म्हणजे मीठ. भरतीचे पाणी आगरात घ्यावे, उन्हाने आटू द्यावे आणि मिठाच्या पांढऱ्या राशी बांधावर घालाव्यात, हा या किनाऱ्याचा जुना उद्योग. तेव्हा, “समुद्र आमच्या दाराशी, आम्हांला मिठातल्या गुणांची काय उणीव?” असे येथील कोणी म्हटले, तर त्यात नवल नाही. परंतु या समजुतीत एक गफलत आहे. ती लक्षात येण्यासाठी प्रथम शरीराचा कारभार कसा चालतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

शरीरातील अवयवांना परस्परांशी बोलण्याचे दोन मार्ग आहेत. एक मज्जातंतूंचा. तो तारेसारखा आहे. निरोप ठरलेल्या ठिकाणी क्षणार्धात पोहोचतो. दुसरा मार्ग रक्ताचा. काही ग्रंथी आपला स्राव सरळ रक्तात सोडतात आणि तो स्रावच निरोप्याचे काम करतो. इ. स. १९०२ मध्ये लंडन येथे बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने दाखविले. आतड्याकडे जाणारे मज्जातंतू तोडल्यानंतरही, आतड्यात आम्ल जाताच स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. निरोप तंतूंवाटे नव्हे, रक्तावाटे गेला होता. अशा द्रव्यांना स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतविणे असा आहे. मराठीत त्यांना संप्रेरके म्हणतात.

रक्त तर सर्व शरीरभर फिरते; मग निरोप नेमक्या अवयवालाच कसा कळतो? गावात दवंडी पिटली की ती सर्वांच्या कानांवर पडते, पण ज्याच्या कामाची असते तोच उठून चालू लागतो. संप्रेरकांचेही तसेच आहे. ज्या पेशीपाशी त्या संप्रेरकाला जुळणारा ग्राही असतो, तीच पेशी हुकूम पाळते. बाकीच्या आपापल्या कामात मग्न राहतात. काही निरोप तातडीचे असतात. अचानक भय वाटताच ॲड्रेनॅलिन हृदयाची गती क्षणात वाढविते. जेवणानंतर रक्तातील साखर पेशींत नेण्याचा हुकूम इन्सुलिन देते. गळ्यातील अवटू ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, थायरॉक्सिन मात्र संथपणे व दीर्घकाळ काम करते. शरीरातील उष्णता, अन्नाचा विनियोग, मुलांची वाढ आणि मेंदूची घडण या सर्वांवर त्याचा अंमल आहे. निरोगी माणसाची ही ग्रंथी दिवसाला जेमतेम १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग, इतकेच थायरॉक्सिन तयार करते.

हे प्रमाण राखले कसे जाते? खारेपाटातील शेतकऱ्याला उघाडी परिचयाची आहे. भरतीचे पाणी चढले की तिची झडप त्या दाबानेच मिटते आणि ओहोटीला आतले पाणी वरचढ झाले की तीच झडप उघडते. दाराशी कोणी उभे राहावे लागत नाही. पाण्याची पातळीच दार चालविते. शरीरातही रक्तातील थायरॉक्सिनची पातळीच त्याच्या निर्मितीचे नियमन करते. ती उतरली की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी आपल्या संप्रेरकाद्वारे अवटू ग्रंथीला अधिक कामाचा हुकूम सोडते. पातळी पुरेशी झाली की तो हुकूम सौम्य होतो.

परंतु थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडिनचे चार अणू असतात. आहारात आयोडिनच नसेल, तर हुकूम कितीही कडक आला तरी ग्रंथीने माल कोठून द्यावा? पियूषिका ग्रंथी हुकूम सोडीतच राहते आणि त्या ताणाने अवटू ग्रंथी फुगत जाते. हाच गलगंड होय. गळ्याची गाठ डोळ्यांना दिसते. तथापि खरी हानी न दिसणारी आहे. पोटातील बाळाची स्वतःची ग्रंथी पहिले तीन महिने जवळजवळ काहीच काम करीत नाही. त्या काळात बाळाच्या मेंदूची सारी भिस्त आईच्या थायरॉक्सिनवर असते. तेव्हा झालेली तीव्र उणीव पुढे कितीही सकस अन्न दिले तरी भरून निघत नाही.

आता मिठागराकडे वळू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण आयोडिन केवळ ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास. ते सर्वच्या सर्व मिठात उतरले असे धरले, तरी एका ग्रॅम मिठात दोन मायक्रोग्रॅमही भरत नाही. आणि प्रत्यक्षात त्यातील बराच भाग मीठ काढल्यावर उरलेल्या पाण्याबरोबर निघून जातो. प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम व गरोदर स्त्रीला सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडिन लागते. दहा ग्रॅम साधे मीठ पोटात गेले तरी त्यातून २० मायक्रोग्रॅमही मिळणार नाही. मासळीतून आयोडिन मिळते हे खरे. पण ती प्रत्येक घरात, प्रत्येक ऋतूत आणि पुरेशी असतेच असे नाही.

यावरचा उपाय भारतातच पडताळून पाहिला गेला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात आयोडिनयुक्त मीठ दिले आणि तेथील गलगंडाचे प्रमाण लक्षणीय रीत्या घटले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून आयोडिनच्या अभावाने होणाऱ्या सर्वच विकारांचा त्यात समावेश करण्यात आला. खाण्यासाठी आयोडिनविरहित मीठ विकण्यास १७ मे २००६ पासून देशभर मनाई झाली. घरी पोहोचलेल्या मिठाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडिन असावे, असा दंडक आहे.

हा दंडक शेवटी स्वयंपाकघरातच पाळला जातो. मासळी खारविण्यास आणलेले सुटे खडेमीठ रोजच्या भाजी-आमटीत पडता कामा नये. आयोडिनयुक्त मीठ घट्ट झाकणाच्या भांड्यात, चुलीपासून व ओलीपासून दूर ठेवावे. मात्र आयोडिनसाठी मीठ अधिक खाऊ नये; त्याने रक्तदाब वाढण्याचा संभव असतो.

काही मुलांची ग्रंथी जन्मतःच अधू असते. तेथे मिठाचा उपयोग होत नाही. अशा बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिल्या काही दिवसांतच परीक्षा होऊ शकते, आणि पहिल्या पंधरवड्यात औषध सुरू झाले तर बहुतेक मुले इतरांसारखी वाढतात. मोठ्या माणसांतही गळ्याला सूज, सततचा थकवा, थंडी न सोसणे, विनाकारण वजन वाढणे, अशी लक्षणे आढळल्यास गंडेदोरे न करता आरोग्य केंद्रात जावे. साध्या रक्ततपासणीने निदान होते, आणि ग्रंथीचे काम मंदावले असल्यास थायरॉक्सिनची रोजची एक गोळी पुरते.

पेणच्या आगरांनी कित्येकांच्या ताटाला चव दिली. त्या मिठात समुद्राने जे दिले नाही, ते माणसाने मोजून घालावयाचे आहे. घरात गरोदर स्त्री असेल, तर आजच मिठाच्या पिशवीवर ‘आयोडिनयुक्त’ हा शब्द आहे की नाही, एवढे वाचून पाहावे.