चिमूटभर परद्रव्याचे सामर्थ्य

(नाशिक येथे शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

नाशिकची तांब्यापितळेची भांडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहेत. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते, हे येथील कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पितळ तांब्यापेक्षा कणखर असते. परंतु विजेच्या दृष्टीने पाहिले तर या मिश्रणात तोटाच होतो. शंभरात तीस भाग जस्त असलेल्या पितळेची वीज वाहून नेण्याची क्षमता शुद्ध तांब्याच्या सुमारे पाव हिस्साच उरते. म्हणूनच विजेच्या तारेसाठी तांबे जितके शुद्ध तितके चांगले. धातूंच्या बाबतीत परके द्रव्य हा विजेच्या वाटेतील अडथळा असतो.

चिनी मातीच्या जातीचे काही पदार्थ मात्र असे आहेत, की त्यांना हा न्याय उलटा लागू पडतो. शुद्ध स्थितीत ते वीज जवळजवळ वाहूच देत नाहीत; पण त्यांत योग्य परद्रव्य अगदी चिमूटभर मिसळले की ते वीज वाहू लागतात. या हेतुपुरस्सर, मोजून केलेल्या भेसळीला विज्ञानाच्या भाषेत ‘डोपिंग’ म्हणतात. बाजारातील भेसळ लपवून केली जाते व तिने माल निकृष्ट होतो; ही भेसळ उघडपणे, तोलूनमापून केली जाते आणि तिने पदार्थाला नवा गुण येतो.

खोली, कोपरे आणि भिंती

अशा पदार्थांत ‘पेरोव्हस्काइट’ या कुळाचे स्थान मोठे आहे. १८३९ साली रशियातील उरल पर्वतात मिळालेल्या एका खनिजाला जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव रोझ याने लेव पेरोव्हस्की या रशियन खनिजप्रेमी गृहस्थाच्या सन्मानार्थ हे नाव दिले. ते खनिज म्हणजे कॅल्शियम, टायटॅनियम व ऑक्सिजन यांचे संयुग होते. पुढे तशीच अंतर्रचना असलेल्या सर्व पदार्थांना हेच कुलनाम मिळाले.

ही रचना वर्गात समजावून देणे अवघड नाही. एक चौकोनी खोली कल्पावी. तिच्या आठही कोपऱ्यांत एका जातीचे मोठे अणू आहेत. खोलीच्या मधोमध दुसऱ्या धातूचा एक लहान अणू आहे. आणि चार भिंती, छत व जमीन यांच्या मध्यावर ऑक्सिजनचे अणू आहेत. अशा असंख्य खोल्या एकमेकींना लागून रचल्या की पेरोव्हस्काइटचा स्फटिक होतो. कोपऱ्यांत बेरियम आणि मध्ये टायटॅनियम असेल, तर त्या पदार्थाला बेरियम टायटॅनेट म्हणतात. कोपऱ्यातील किंवा मधला रहिवासी बदलूनही खोली ढासळत नाही, हा या रचनेचा मोठा गुण होय. आणि डोपिंगचे सारे शास्त्र या गुणावर उभे आहे.

बेरियमचा अणू या रचनेत दोन इलेक्ट्रॉन देतो. काही थोड्या कोपऱ्यांतील बेरियम काढून तेथे लॅन्थॅनम बसविला, तर तो तीन इलेक्ट्रॉन देतो. हा तिसरा इलेक्ट्रॉन शिलकी ठरतो आणि वीज वाहून नेण्यास मोकळा होतो. मधल्या टायटॅनियमच्या जागी नायोबियम बसविला तरी असाच एक इलेक्ट्रॉन शिल्लक राहतो. उलट टायटॅनियमच्या जागी लोह बसविले, तर एका इलेक्ट्रॉनची तूट पडते. स्ट्राँशियम किंवा कथील यांच्यामुळे शिल्लकही पडत नाही व तूटही येत नाही. मात्र पदार्थाचे गुण ज्या तापमानाला पालटतात ते तापमान त्यांच्यामुळे सरकते.

मात्रेचे महत्त्व

येथे खरा प्रश्न मात्रेचा असतो. बेरियम टायटॅनेटमध्ये दर हजार बेरियम अणूंपैकी दोन-तीनच बदलून लॅन्थॅनम घातला, तर त्याचा विद्युत्‌रोध कोट्यवधी पटींनी घटतो. मग आणखी घातल्यास आणखी लाभ होईल, असा तर्क कोणीही करील. तसे घडत नाही. हवेत भाजलेल्या पदार्थात हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास गेले, की स्फटिक आपल्या काही जागा रिकाम्या ठेवून शिलकी इलेक्ट्रॉनांचा हिशेब मिटवून टाकतो आणि पदार्थ पुन्हा विद्युत्‌रोधक बनतो.

योग्य मात्रेच्या अशा बेरियम टायटॅनेटला आणखी एक गुण असतो. सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तो वीज वाहू देतो. त्यापुढे तापला की कणांच्या सीमांवर इलेक्ट्रॉनांना अडथळा उभा राहतो आणि रोध हजारपट, कधी त्याहूनही अधिक वाढतो. स्ट्राँशियम घातल्यास हे तापमान खाली येते, शिसे घातल्यास वर जाते. घरोघरी डास पळविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक विद्युत्‌ उपकरणांत अशीच चकती असते. ठरावीक उष्णतेला पोचताच ती आपला विद्युत्‌प्रवाह आपणच आवरते. निराळ्या नियंत्रकाची गरज राहत नाही.

कण लहान, पृष्ठभाग मोठा

आता अतिसूक्ष्म कणांकडे वळू. एक मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा सहा चौरस सेंटिमीटर असतो. तोच घन दहा नॅनोमीटर बाजूच्या घनांत विभागला, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होतो. हाताच्या बोटावर मावणारा पदार्थ सहा गुंठ्यांच्या शेताइतका हवेला सामोरा जातो, असा याचा अर्थ होतो.

डोपिंग आणि कणांचा आकार हे परस्परांशी निगडित आहेत. काही परद्रव्यांमुळे भट्टीत भाजताना कण फुगत नाहीत, लहानच राहतात. तथापि सूक्ष्मतेलाही मर्यादा आहे. कण फारच लहान झाले तर बेरियम टायटॅनेटचा विद्युत्‌भार साठविण्याचा गुण क्षीण होतो.

उत्तर महाराष्ट्रातील प्रयोग

हवेला सामोऱ्या जाणाऱ्या या विस्तीर्ण पृष्ठभागाचा उपयोग वायुसंवेदकासाठी होतो. या विषयावर उत्तर महाराष्ट्रात लक्षणीय काम झाले आहे. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात प्रा. एल. ए. पाटील, जी. एच. जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६-०७ च्या सुमारास बेरियम टायटॅनेट आणि त्याच कुळातील स्ट्राँशियम व कथीलयुक्त पदार्थ यांच्या जाड थरांवर संशोधन प्रसिद्ध केले. पुढे नाशिकच्या के. टी. एच. एम. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतूनही अशा थरांवरील निबंध प्रसिद्ध झाले.

या थरांची कृती खर्चिक नाही. पदार्थाची पूड चिकट द्रवात कालवून तिचा लेप करतात आणि लग्नपत्रिका छापण्यासाठी वापरतात तशा जाळीतून तो पट्टीवर छापून भट्टीत भाजतात. हवेतील ऑक्सिजन थराच्या पृष्ठभागावर बसतो व तेथील इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, धरलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध बदलतो. पृष्ठभागावर तांब्याचे ऑक्साइड असेल, तर या वायूमुळे त्याचे सल्फाइड बनते. ते वीज सहज वाहू देते, म्हणून रोध झपाट्याने घटतो. वायू निघून गेला की थर हवेत पूर्वस्थितीला येऊ शकतो.

विहिरीच्या तळाशी

या संशोधनाचा ग्रामपंचायतीशी संबंध काय, असे कोणी विचारील. हायड्रोजन सल्फाइड हा गटारात, शौचालयाच्या टाकीत व साचलेल्या गाळात निर्माण होणारा विषारी वायू आहे. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. थोड्या प्रमाणात असताना त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे शंभर भाग झाले, की काही मिनिटांतच नाक बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला असे समजून माणूस खाली उतरतो आणि कोसळतो. त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत एकामागून एक माणसे दगावतात, ती अशी.

विहिरीत पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढे कळते. विषारी वायू त्याने कळत नाही, आणि तळाशी ज्वालाग्राही वायू असेल तर तीच ज्योत स्फोटाला कारण होते. येथे नाकाचे व कंदिलाचे काम संवेदकाने करावयाचे आहे.

परंतु प्रयोगशाळेतील यश म्हणजे हातात देण्याजोगे साधन नव्हे. पावसाळी दमटपणात थराचे वाचन ढळते. एका वायूऐवजी दुसऱ्याला तो प्रतिसाद देऊ शकतो. महिनोन्‌महिने वापरल्यावर त्याची तीक्ष्णता कमी होते. योग्य परद्रव्य व योग्य मात्रा शोधण्याचा खटाटोप चालतो तो याचसाठी. शिवाय हायड्रोजन सल्फाइडचा संवेदक प्राणवायूची उणीव सांगत नाही. त्यासाठी निराळा संवेदक हवा.

तोवर नियम स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने गटारे व शौचालयाच्या टाक्या यांची संरक्षक साधनांविना हाताने सफाई करविणे हा गुन्हा ठरविला आहे. गटारातील मृत्यूबद्दल वारसांना द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तीस लाख रुपये केली. भरपाईने गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून टाकीची सफाई यंत्रानेच करवावी, आणि हवा तपासण्याचे प्रमाणित उपकरण जवळ नसेल तर विहिरीत वा टाकीत कोणालाही उतरू देऊ नये, असा ठराव प्रत्येक पंचायतीने करावा आणि तो पाळलाही जावा.

शिक्षकांनी मातीचे गोळे व काड्या घेऊन ती चौकोनी खोली वर्गात उभी करावी, एका कोपऱ्यातील गोळा बदलून दाखवावा आणि त्याच तासाला विहिरीतील हवेची गोष्ट सांगावी. आज वर्गात बसलेल्या मुलांपैकीच कोणी उद्या विहिरीच्या काठावर उभा असेल, आणि खाली उतरू पाहणाऱ्याला थांबविणारा तोच असेल.