पाणलोटाचा पैसा आणि पाण्याचा हक्क



२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तेव्हापासून तलाव म्हटला की आपल्यासमोर हक्काचा प्रश्न उभा राहतो. आज नद्या-तलावांच्या दुरुस्तीसाठी खाजगी पैसा येऊ लागला आहे. त्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, यावर चार शब्द बोलतो.

आपला गोंदिया तलावांचा जिल्हा. हे तलाव मालगुजारांच्या पैशाने, कोहळी समाजाच्या कसबाने आणि गोरगरिबांच्या घामाने उभे राहिले. म्हणजे खाजगी पैसा आपल्याकडे नवा नाही. ज्याचा पैसा त्याचा शब्द, हेही आपल्या वाडवडिलांनी अनुभवले. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. पण देखभाल मागे पडली. पाळी खचल्या, गाळ साचला, बेशरम माजली. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, पुढे नाल्यात आणि चुलबंद, गाढवी, बाघ या नद्यांतून वैनगंगेत जाते. म्हणून तलाव बुजला की नदीचे पाणलोट क्षेत्रच दुबळे होते.

पैसा दोन वाटांनी येतो. पहिली वाट सामाजिक दायित्वाची. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेनेही असा पैसा गाळ काढण्यासाठी घेतला. दुसरी वाट हरित कर्जरोख्यांची. गाझियाबाद महापालिकेने २०२१ साली असे १५० कोटी रुपये उभारले. सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना विकायचे आणि त्यातून कर्ज फेडायचे. आपल्या गावतलावाने कर्ज कशातून फेडावे? पाणी विकूनच फेडायचे झाले, तर पहिला चटका गरिबाला बसेल. म्हणून गावतलावासाठी दायित्वाचा पैसा घ्यावा, कर्ज घेऊ नये.

परंतु फुकटच्या पैशाचीही वाटणी तपासली पाहिजे. काढलेला गाळ शेतात जातो. ज्याला शेतच नाही त्याच्या पदरात काय पडते? आपल्या समाजात भूमिहीन कुटुंबे थोडी नाहीत. शिवाय यंत्राने काठ सरळ खोदला की मासे अंडी घालतात ती उथळ जागा नाहीशी होते आणि ढिवर बांधवांची रोजी बुडते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर महिलांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या. तलाव कसा सुधारावा हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना विचारल्याशिवाय यंत्र तलावात उतरू नये.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब सांगतात की, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि वाद मिटवावा, असे सुचविले. हाच मार्ग आपण धरू या. देणगी स्वीकारण्याआधी ग्रामसभेत ठराव व्हावा. शेतकरी, मासेमार, भूमिहीन आणि महिला यांची समिती असावी. मजुरी आधी गावातल्या हातांना मिळावी. खर्चाचा हिशेब तलावाच्या पाळीवर फलकावर लावावा. फोटो काढून मंडळी परत गेल्यावर पुढची पाच वर्षे पाळ कोण राखणार, हेही करारात लिहून घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एक काम सोपवितो. आपापल्या गावच्या तलावात खुणांची काठी रोवा. पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दर आठवड्याला पाण्याची पातळी वहीत लिहा. तलाव सुधारला की नाही, हे कंपनीच्या अहवालाबरोबर तुमची वहीही सांगेल, आणि ती वही ग्रामसभेत कोणालाही नाकारता येणार नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला तळ्यापर्यंत नेले. ते तळे भरलेले ठेवणे आणि त्यावरचा सर्वांचा हक्क राखणे, ही जबाबदारी आता आपली आहे.

जय भीम! जय भारत!